पंडुमाआधीच्या पाच डहाळ्या

फाल्गुन लागला की आमच्या घरातल्या गाद्या, गोधड्या आणि माझी जुनी वर्तमानपत्रं गच्चीवर उन्हात पडतात. सूनबाईंचं म्हणणं, रद्दीला वाळवी लागू नये म्हणून ऊन दाखवायचं. माझा संशय, की ऊन दाखवण्याच्या निमित्तानं रद्दीच दरवर्षी थोडी थोडी कमी होते. म्हणून मी पहारा द्यायला वर जाऊन बसतो. तापलेल्या छापील कागदाचा वास सुटतो, नागपूरचं कोरडं वारं पानं उलटत राहतं, आणि मी बसल्या जागी आलापल्लीच्याही पलीकडच्या डोंगरात जाऊन पोचतो. चांद्याला तेव्हा कुणी चंद्रपूर म्हणत नव्हतं आणि गडचिरोली जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. पन्नास सालानंतरचा काळ. नेमकं साल विचारलंत तर वही काढून बघावी लागेल, कारण माझा माझ्या आठवणीवरही फारसा भरवसा नाही.

स्वभावच संशयी. हे मी स्वतःहून कबूल करतो, कारण दुसऱ्या कुणी म्हटलं तर मला त्याच्या हेतूचा संशय येईल. दूधवाल्याचं माप, स्टेशनवरचं घड्याळ, डॉक्टरांचं हसू, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. आमच्या कामात मात्र हा दुर्गुण खपून जायचा. झुडपावर विश्वास ठेवायचा नसतोच. पान सारखं, साल सारखी, आणि फूल उघडून पाहावं तर कूळ भलतंच निघतं.

मी पंचविशीचा होतो आणि एका वनस्पतिसंग्रहात तात्पुरत्या जागेवर होतो. काम असं, की डोंगरात जायचं, झुडपाची पानाफुलांसकट हातभर डहाळी कापायची आणि तिला नंबराची चिठ्ठी बांधायची. तोच नंबर वहीत घालून पुढं ठिकाण, फुलाचा रंग, वास आणि गावातलं नाव टिपायचं, कारण रंग आणि वास कागदात टिकत नाहीत. मग डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची, अशा घड्यांची चळत दोन फळ्यांमध्ये दोरीनं आवळायची, आणि रोज ओलसर कागद काढून उन्हात तापलेले कोरडे घालायचे. एक दिवस आळस केला की बुरशी आलीच. प्रत्येक झुडपाच्या पाच डहाळ्या घ्यायच्या. एक आपल्या कपाटात राहते, बाकीच्या दुसऱ्या गावच्या संग्रहांना पाठवता येतात.

आदल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकानं त्या डोंगराच्या पश्चिम उतारावरून एक झुडूप आणलं होतं. कमरेइतकं उंच, पानांच्या पाठीला राखाडी लव, आणि डहाळीवर नुसती सुकलेली फळं. संग्रहाचे प्रमुख असलेल्या आमच्या प्राध्यापकांनी भिंगातून ते बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "फुलाशिवाय नाव सांगता येणार नाही. कदाचित याला अजून नावच नसेल." ते 'कदाचित' माझ्या कानात घर करून बसलं. नवं झुडूप आणणाऱ्याची जागा कायम होते असं सगळेच म्हणत. फूल मी आणणार आणि मान ते घेणार, असाही संशय मला आला. तरी मी निघालो.

वैनगंगा नावेनं ओलांडली, आलापल्लीपर्यंत मोटार मिळाली, पुढं दोन दिवस बैलगाडी. डोंगराच्या पायथ्याशी वीसेक घरांचं माडिया लोकांचं गाव होतं. तिथं मला पोचवलं नाकेदारानं, म्हणजे जंगल खात्याच्या पहारेकऱ्यानं. हा ब्रह्मपुरीकडचा गडी नुकताच मार्कंड्याची जत्रा करून आला होता. त्यानं वाटाड्या म्हणून जोगाला माझ्याबरोबर लावून दिलं. जोगा चाळिशीचा, कमी बोलणारा, बाजाराला जाऊन जाऊन मराठी शिकलेला. ओळख करून दिल्यावर नाकेदार मला बाजूला घेऊन गेला.

"साहेब, हे लोक सिधे दिसतात, पण लय पोचलेले आहेत. डोंगराच्या पश्चिमेच्या अंगाले त्याईनं जंगल तोडून कोसरी पेरली असन, असा मले शक आहे. तुमी तिकडे फिरानच. काय दिसलं ते मले सांगजा."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याला काही अर्थ नव्हता, नाही म्हणायची सवय नसते म्हणून माणूस हलवतो तशी. पण जोगा दहा पावलांवर उभा राहून ती बघत होता.

गावानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी लगेच ओळखली. ती माझीच नजर होती. सकाळी मी कागद उन्हात पसरून त्यांवर दगड ठेवायला लागलो की बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहायच्या. हा माणूस झाडं तोडतो, पण खात नाही, जाळत नाही, बाजारात नेत नाही. कागदात ठेवून वाळवतो आणि रोज उघडून बघतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असल्या माणसाच्या सावलीला उभा राहिलो नसतो.

"हा नंबर काऊन बांधून राह्यले?" जोगानं दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"ओळख राहावी म्हणून. एकाचा घोळ दुसऱ्यात व्हायला नको."

"सागाले बी नंबर मारले होते," तो म्हणाला. "मंग ते साग सरकारचे झाले. आता आमी त्याले हात लावला का नाकेदार येते."

मी त्याला समजावलं, की पाच काड्यांसाठी सरकार कुणाचा डोंगर घेत नाही. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आता या वयात वाटतं, त्याचंच बरोबर असावं. सरकारची सुरुवात काड्यांपासूनच होते.

ते दिवस मात्र विलक्षण सुंदर होते, आणि हे सांगताना मला कसलाही संशय नाही. पानगळ झालेलं जंगल आरपार दिसायचं. पायाखाली सागाची वाळलेली पानं एवढी वाजायची की दोन माणसं चालली तरी वरात चालल्यासारखं वाटे. धायटीची झुडपं फुलांनी लाल झाली होती. मोहाच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे घोस धरले होते, अजून एकही फूल गळत नव्हतं. सकाळी गार, दुपारी कपाळ तडकेल असं ऊन, आणि नाल्याच्या डबक्यात उरलेलं पाणी प्यायला वाकलं की पाण्याला पाल्याचा वास.

पण जोगा मला पूर्वेकडेच फिरवत होता. पहिला दिवस पूर्व, दुसरा दिवस पूर्व, तिसऱ्या दिवशी जरा उत्तरेला वळून पुन्हा पूर्व. माझ्याकडे होकायंत्र होतं, आणि ते आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"पश्चिमेला कधी जायचं?" मी शेवटी विचारलं.

"तिकडे आता नाई. पंडुम झाल्यावर."

पंडुम म्हणजे त्यांचा सण. हंगामातलं जे काही नवं येईल, फूल असो, फळ असो, दाणा असो, ते आधी देवापुढं ठेवायचं आणि मग गावानं एकत्र बसून खायचं. तोपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मला हव्या त्या झुडपाच्या फुलांची हे लोक भाजी करत. झुडूप पश्चिम उतारावरच होतं, फुलायला लागलं होतं, आणि पंडुम व्हायचा होता. जोगानं हे सगळं मला नीट सांगितलं, तोडकंमोडकं पण न चुकता.

"कधी आहे पंडुम?"

"भूमिया सांगन."

भूमिया म्हणजे गावाचा पुजारी, देवधर्माचा आणि जमिनीचा मालक म्हटलं तरी चालेल. त्याला विचारायला गेलो, तर तो म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, की सगळी माणसं गोळा झाली की. कुठली माणसं, किती दिवसांत, काही नाही. मला ही सरळ सरळ टोलवाटोलवी वाटली. फुलं आठ-दहा दिवसांची सोबती. ती गळून गेली की हे लोक म्हणणार, आता जा हवं तिकडं. नाकेदाराचं बोलणं आठवलं. यांनी तिकडं नक्की काहीतरी लपवलंय, सणाचं नाव पुढं करून मला अडवतायत, असं मी मनात पक्कं धरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपारीसुद्धा चांदणं होतं.

फळ्या बांधायची माझी एक खास गाठ होती. दोरीचं टोक दोनदा आतून घ्यायचो, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. चौथ्या दिवशी ती गाठ साधी दिसली. आतल्या डहाळ्या जशाच्या तशा होत्या, एकही चिठ्ठी हललेली नव्हती. मी त्यात झाडाची चोरी करत असेन असं त्यांना वाटतं, या विचारानं माझा संताप झाला. संशयी माणसाला दुसऱ्यानं घेतलेला संशय मुळीच सोसत नाही. मी माझी गाठ पुन्हा घातली.

पाचव्या दिवशी जोगा सकाळीच शेजारच्या गावाला गेला. कशाला, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. एवढी संधी मला पुरेशी होती. कात्री, वही आणि पत्र्याचा डबा घेतला आणि होकायंत्र धरून एकटा पश्चिमेला चढलो. दीड तासात उतारावर पोचलो. तिथं जंगलतोड नव्हती, कोसरीच्या भरडधान्याचं शेत नव्हतं, एकसुद्धा ताजा बुंधा नव्हता. नुसतं ते झुडूप होतं. सगळा उतार भरून होतं, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गुच्छ. वास सौम्य, ताकासारखा. मधमाशांचा एवढा आवाज, की मला स्वतःच्या श्वासाचा आवाज येईना. एक फूल तोडलेलं नव्हतं, एक डहाळी वाकवलेली नव्हती. गावातल्या पोराटोरांनीसुद्धा हात लावला नव्हता. म्हणजे जोगानं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आणि तरी मी पाच डहाळ्या कापल्या. मनात म्हटलं, एवढ्या फुलांत पाच कुणाला दिसणार आहेत?

जोगा दुपार कलताना परतला. मी कागद बदलत होतो. तो समोर येऊन बसला, माझ्या सदऱ्याला चिकटलेल्या पांढऱ्या पाकळीकडे त्यानं बघितलं.

"किती?"

"पाच."

तो उठून घरी गेला. तो सकाळी कशाला गेला होता ते मला त्या संध्याकाळी कळलं. भूमियाचा भाऊ दुसऱ्या गावात राहत होता. त्याच्यावाचून पंडुम होत नव्हता, म्हणून त्याला आणायला जोगा गेला होता, आणि माझी घाई पाहून भूमियाच्या मागं लागून त्यानंच तो दिवस ठरवून घेतला होता. पंडुम परवावर आला होता. दोन दिवस थांबलो असतो तर मला डालगं भरून फुलं मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी उतार बघायला गेलेल्या बायका परत आल्या त्या हातात एक खुंट घेऊन. खुंट म्हणजे कापलेल्या डहाळीचा मागं राहिलेला तुकडा. तो चावडीसारख्या मोकळ्या जागेत भूमियापुढं ठेवला. मी गावानं मला राहायला दिलेल्या झोपडीच्या दारातून पाहत होतो. माझ्या कात्रीचा तिरपा, स्वच्छ काप होता तो. त्या गावात डहाळी हातानं मोडतात किंवा कोयत्यानं तोडतात. असा काप घालणारं हत्यार तिथं एकाच माणसाकडे होतं, आणि ते लहान मुलालाही माहीत होतं. कुणी तोडलं, असं भूमियानं विचारलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

जोगा उभा राहिला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. मग, मला कळावं म्हणूनच असणार, मराठीत म्हणाला, "मी तोडलो."

भूमियानं खुंट उचलून निरखला. जोगाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं गाव खोटं ऐकत होतं आणि सगळ्या गावानं ते खरं म्हणून घेतलं. दंड ठरला. जोगानं एक कोंबडा द्यायचा, आणि या पंडुमात त्याला पान नाही. हे फूल त्यानं पुढच्या वर्षापर्यंत खायचं नाही. वर्षभरात गावात ताप आला, कुणाला वाघानं नेलं, तर तेही त्याच्याच नावावर जाणार होतं. हे शेवटचं कुणी बोललं नाही, पण जोगाच्या बायकोचा चेहरा पाहून मला समजलं.

मी त्याला त्याच्या कुडाच्या भिंतीमागं गाठलं. म्हटलं, "मी सांगतो भूमियाला. मी तोडल्या."

"नोका सांगू."

"अरे पण का?"

"तुमी सांगसान, मंग गाव तुमाले बोलन. गाव तुमाले बोललं का तुमी नाकेदाराले सांगसान. तो येईन. तुमी नागपूरले चालले जासान, साहेब. आमी कुठी जाऊ?"

"मी नाकेदाराला काही सांगणार नाही."

"तवा तुमी मान हालवली होती," जोगा म्हणाला. त्यात राग नव्हता. मी वहीत फुलाचा रंग लिहावा, तसं त्यानं ते सांगितलं.

मी भूमियाकडे गेलो नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की जोगानंच नको म्हटलं. खरं सांगायचं तर, तो नको म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

फुलांचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकतो. प्राध्यापकांनी फूल भिजवून सुईनं उघडलं आणि पाच मिनिटांत म्हणाले, "हे तर जुनंच आहे हो. पानावरच्या लवीनं फसवलं आपल्याला." दुसऱ्याच एका जिल्ह्यातून फार पूर्वी त्याला नाव मिळालेलं होतं. माझी जागा पुढं कायम झाली, ती कुणीतरी बदलून गेलं म्हणून. निवृत्तीनंतर एकदा मी ती डहाळी चिकटवलेला कागद संग्रहाच्या कपाटातून काढायला लावला. गुच्छ चहाच्या रंगाचे झाले होते. देठाचा काप मात्र तसाच होता. खाली लेबलावर माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'फुलं पांढरी, गावकरी भाजी करतात', आणि गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून माझं. त्या कागदावरचं सगळं खरं आहे, आणि तो वाचून कुणालाही काही कळणार नाही. कपाट सांभाळणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "काही चूक आहे का सर?" मी नाही म्हटलं.

पण फाल्गुनात गच्चीवर बसलो की मला कागद आठवत नाही. मला तो पंडुम आठवतो. सकाळीच बायका उतारावर गेल्या होत्या आणि डालगी भरभरून फुलं घेऊन आल्या होत्या. ढोल वाजत होता. उन्हं वर चढली तशी मोहाच्या झाडाखाली सगळं गाव गोल करून बसलं. भूमियानं देवापुढं फुलं ठेवली, जोगाचा कोंबडा दिला, आणि शिजलेली भाजी पळसाच्या पानांवर वाढायला घेतली. पहिलं पान त्यानं माझ्यापुढं आणून ठेवलं.

हा पाहुण्याचा मान होता, की 'तूच तो' हे मला सांगायची त्याची रीत, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. आणि माझ्या मनात काय आलं, तर यात काही घातलं तर नसेल? शरम वाटते सांगताना, पण हेच आलं. मी बोटं भाजीत घातली आणि तशीच ठेवली.

जोगा गोलाच्या बाहेर बसला होता. तो उठून माझ्यामागं आला आणि उकिडवा बसला.

"खा," तो हळूच म्हणाला. "माह्या घरचीनं रांधली. ती लय डरून राह्यली. मीठ बराबर पडलं का नाई, ते सांगा. मले तर चाखता येत नाई."

मी घास घेतला. भाजीत मीठच नव्हतं. बिचारी घालायला विसरली असणार.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

जोगाचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो उठला आणि बायकोला सांगायला घराकडे गेला. त्या सगळ्या दिवसांत माझं एवढंच एक बोलणं त्यानं खरं मानलं.